शंभर एमबीपीएस असूनही आलाप का तुटतो

माझी ताई सदाशिव पेठेत गाणं शिकवते. दर शनिवारी संध्याकाळी सातला तिची एक विद्यार्थिनी न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर बसते. तिथे तेव्हा सकाळ असते, पण ताईच्या खिडकीबाहेर दिवेलागण झालेली असते, म्हणून यमनच. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी ताई नि रे ग करत तीव्र मध्यमावर थांबली आणि पलीकडून आवाज आला, "ताई, तुमचा आवाज तुटतोय. म ऐकूच आला नाही, परत म्हणाल?" ताईने परत म्हटला. परत तुटला. पाच मिनिटांत चित्राचे चौकोन झाले, मग ते गोठलं, आणि दोघींनी क्लास रविवारवर ढकलला.

मी तिथेच चहा पीत बसलो होतो. कॉलचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ताईने माझ्याकडे पाहिलं. "अरे, शंभरचं कनेक्शन घेतलंय, दर महिन्याला पैसे भरते. मग हे असं का?" तिने स्पीड टेस्ट लावून दाखवली. डाउनलोडचा आकडा नव्वदच्या पुढे गेला.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. त्या मुलीचा आवाज ताईला पूर्ण वेळ स्वच्छ येत होता. बिघाड होता तो फक्त ताईकडून जाणाऱ्या आवाजात. आतल्या खोलीत भाचा नुकताच राजगडहून परतला होता, आणि त्याचा फोन घरच्या वाय-फायला लागल्याबरोबर दिवसभराचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागला होता. बॅकअप थांबवला, माझ्या फोनवरून मोबाइल डेटावर ताईला कॉल लावला, आणि ताई गायली. एकही सूर तुटला नाही.

यात त्या मुलाचा दोष नाही, इंटरनेट देणाऱ्याचाही फारसा नाही. नेमकं काय झालं ते मला नीट सांगायचं आहे, कारण "नेट स्लो आहे" या तीन शब्दांत आपण सगळे ते गुंडाळून टाकतो आणि मग आणखी महागडा प्लॅन घेतो. अडचण वेगाची नव्हती. अडचण रांगेची होती.

कॉलमधला आवाज नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. दर २० मिलिसेकंदांचा आवाज कापून त्याचं एक छोटं पॅकेट होतं, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. ओपस नावाची कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याची पद्धत, ३२ केबीपीएसवर (सेकंदाला ३२ हजार बिट) चालली, तर अशा पॅकेटात आवाज जेमतेम ८० बाइट असतो आणि त्यावर पत्ता वगैरे लिहायला आणखी ४०. म्हणजे अगदी किरकोळ माल. व्हिडिओ जड असतो, त्याची साधारण १२०० बाइटांची पॅकेटं सेकंदाला शे-दीडशे निघतात. ही सगळी पॅकेटं घरातल्या राउटरच्या एकाच दारातून बाहेर पडतात. ताईच्या प्लॅनमध्ये हे बाहेर जाण्याचं दार, म्हणजे अपलोड, २० एमबीपीएसचं होतं. शंभर हा आकडा फक्त आत येण्याचा.

फोन वाय-फायवर राउटरला याहून कितीतरी वेगाने माल आणून देतो. राउटर जेवढा पुढे ढकलता येईल तेवढा ढकलतो आणि उरलेला आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या मेमरीत, रांगेत उभा करतो. समजा बफर २ एमबीचं आहे आणि ते भरलं. एका बाइटात आठ बिट, म्हणून २ एमबी म्हणजे १६ मेगाबिट, दार २० मेगाबिटचं, म्हणजे रांगेच्या शेवटी उभं राहिलेल्या पॅकेटला दारापर्यंत पोहोचायला ०.८ सेकंद लागणार. ताईच्या मध्यमाचं १२० बाइटांचं पॅकेट या राजगडाच्या व्हिडिओंच्या मागे पाऊण सेकंदाहून जास्त वेळ ताटकळत उभं होतं.

आता ०.८ सेकंद म्हणजे किती, ते पाहा. फोनवरच्या संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी-११४ ही शिफारस आहे. बोललेलं ऐकू जाईपर्यंतचा एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बहुतेकांना तो जाणवत नाही, आणि ४०० च्या पुढे तो जाऊ नये, असं ती सांगते. पुण्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे ६० मिलिसेकंद नुसत्या अंतरातच गेले, आणि खरी केबल तर वळसे घेत जाते. वर २० मिलिसेकंद आवाज गोळा करायला आणि काही समोरच्या टोकाला मागेपुढे आलेली पॅकेटं सांभाळून घ्यायला. हाती फार थोडं उरतं. (म्हणूनच ऑनलाइन क्लासात तबल्याची साथ जमत नाही. एकत्र वाजवणाऱ्यांना साधारण २५-३० मिलिसेकंदांपुढचा उशीर झेपत नाही, आणि तो भौतिकशास्त्राने आधीच खाल्लेला असतो. ताईची विद्यार्थिनी तानपुरा स्वतःच्या टोकाला लावते आणि ताईने म्हटल्यावर मागून म्हणते. तेवढं जमतं.)

बफर एवढं मोठं ठेवलं कुणी आणि का? मेमरी स्वस्त झाली, आणि पॅकेट टाकून देणं म्हणजे वाईट, असा समज होता, म्हणून उपकरणं बनवणाऱ्यांनी बफर वाढवत नेलं. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरी हाच त्रास शोधून काढला आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं.

पण रांग भरते ती आणखी एका कारणाने, आणि त्यासाठी १९८६ सालात जावं लागतं. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधला इंटरनेटचा दुवा अचानक बसला. दोन्ही जागा एकमेकींपासून ४०० यार्डांवर, चालत पाच मिनिटं. वेग ३२ हजार बिटांवरून सेकंदाला ४० बिटांवर आला. ८०० पट घसरण. झालं असं होतं की रांगेत पॅकेट हरवलं की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवे, त्याने रांग आणखी वाढे, आणखी पॅकेटं हरवत, आणखी पाठवली जात. व्हॅन जेकबसन या संगणकतज्ज्ञाने यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजही टीसीपी, म्हणजे फाइल वगैरे पाठवताना संगणक जे नियम पाळतात ते, मुळात तसंच वागतं: वेग हळूहळू वाढवत न्यायचा, पॅकेट हरवलं की समजायचं रस्ता तुंबला, आणि वेग एकदम खाली आणायचा, मूळ पद्धतीत तर निम्म्यावर. मग पुन्हा हळूहळू वर.

फाइल पाठवायला ही रीत उत्तम आहे आणि इंटरनेट तिच्यामुळेच टिकलं, हे मी मनापासून मानतो. पण तिच्यात एक गोष्ट दडलेली आहे. पॅकेट हरवतं कधी? बफर पूर्ण भरून वाहायला लागल्यावर. म्हणजे टीसीपी थांबतं ते रांग काठोकाठ भरल्यानंतर. फोटोंना त्याचं काही वाटत नाही, ते पाऊण सेकंद उशिरा पोहोचले तरी फोटोच राहतात. त्याच रांगेत उभ्या असलेल्या आवाजाचं मात्र नुकसान झालेलं असतं. शिवाय टीसीपी हरवलेलं पॅकेट परत मागवतं आणि ते येईपर्यंत मागची सगळी अडवून धरतं. चालू संभाषणात अर्ध्या सेकंदापूर्वीचा 'म' परत येऊन कुणाच्या कामाचा? म्हणून कॉल बहुतेक वेळा यूडीपी या दुसऱ्या रीतीवर चालतात. यूडीपी साधं आहे. पॅकेट दिलं की पाठवतं, पोहोचलं का ते विचारत नाही, आणि वेगाला लगाम घालणंही त्याच्याकडे नाही. तो लगाम कॉलच्या सॉफ्टवेअरला स्वतःच घालावा लागतो. आमच्या क्षेत्रात यालाच कंजेशन कंट्रोल म्हणतात. कोंडीचं नियंत्रण म्हणा.

आणि इथे अट अशी असते की रांग भरण्याआधी, ती नुकती वाढायला लागली असतानाच ओळखायचं. कसं ओळखायचं? वाटेतला राउटर तर काहीच सांगत नाही.

पुण्याच्या माणसाला हे विसर्जन मिरवणुकीवरून लगेच कळेल. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता, सगळीकडची मंडळं शेवटी अलका टॉकीजच्या चौकात येतात. पुढे जायची वाट एकच. समजा तुम्ही बेलबाग चौकात एका गच्चीवर उभे आहात आणि प्रत्येक मंडळ तुमच्यासमोरून गेलं की वेळ लिहून ठेवता. तुमची मैत्रीण अलका चौकात उभी राहून तेच करते. तुमच्याकडे ५:००, ५:२०, ५:४०. तिच्याकडे तीच मंडळं ७:१०, ७:३३, ७:५८.

आता तिचं घड्याळ तुमच्याहून चार मिनिटं पुढे असेल, त्यामुळे मंडळाला वाटेत नेमका किती वेळ लागला हे तुम्ही सांगू शकत नाही. सांगायची गरजही नाही. दोन वेळांमधली अंतरं बघा. निघताना २० आणि २०. पोहोचताना २३ आणि २५. दुसऱ्या मंडळाला पहिल्यापेक्षा ३ मिनिटं जास्त लागली, तिसऱ्याला दुसऱ्यापेक्षा ५. घड्याळं न जुळवताही कळलं की मध्ये कुठेतरी रांग लागते आहे आणि ती वाढते आहे.

कॉलचं सॉफ्टवेअर अगदी हेच करतं. पाठवणारा प्रत्येक पॅकेट निघाल्याची वेळ टिपतो. घेणारा पोहोचल्याची वेळ टिपून साधारण दर १०० मिलिसेकंदांनी त्याची यादी परत पाठवतो. पुण्यातल्या लॅपटॉपचं आणि न्यू जर्सीतल्या टॅबलेटचं घड्याळ जुळलेलं नसलं तरी बिघडत नाही.

एकच अंतर वाढलं म्हणून मात्र घाबरायचं नाही. एखादं पथक चौकात स्थिर वादनाला थांबलं तर एक अंतर वाढतं आणि पुढचं आपोआप कमी होतं. वाय-फायमध्ये असे धक्के सतत बसतात. म्हणून सॉफ्टवेअर बरीच अंतरं एकत्र घेऊन त्यांतून एक रेषा काढतं आणि तिचा उतार बघतं. रेषा सातत्याने वर चढत असेल तरच रांग वाढते आहे असं धरायचं. २०११ साली गूगलने वेबआरटीसी खुलं केलं. ब्राउझरमधले बहुतेक कॉल आज त्यावर चालतात, आणि त्यातली नियंत्रणाची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे.

रांग वाढते आहे हे कळल्यावर वेग किती कमी करायचा? त्या पद्धतीच्या प्रसिद्ध आराखड्यात उत्तर आहे: समोर प्रत्यक्षात जेवढं पोहोचतं आहे त्याच्या ०.८५ पट. मला या आकड्यातला विचार फार आवडतो. पोहोचतंय तेवढंच पाठवलं तर रांग वाढायची थांबेल, पण आहे तेवढी तशीच उभी राहील. मिरवणुकीतही तुंबल्यावर मंडळं पुन्हा वीस-वीस मिनिटांनीच पोहोचू लागली तर अंतरं सरळ दिसतात, प्रत्येक मंडळ मात्र दोन तास उशिरा असतं. उताराला साठलेली रांग दिसत नाही. म्हणून मुद्दाम थोडं कमी पाठवून ती आधी रिकामी करायची. अंतरं आक्रसू लागली, म्हणजे रांग ओसरते आहे, की वेग जिथे आहे तिथेच धरून ठेवायचा आणि तिला पूर्ण ओसरू द्यायचं. मगच पुन्हा वाढवायला सुरुवात.

वाढ मात्र संथ असते, सेकंदाला जास्तीत जास्त ८ टक्के. व्हिडिओ १५०० केबीपीएसवरून ५०० वर आला असेल, तर या गतीने परत १५०० गाठायला १४-१५ सेकंद लागतात, आणि मागच्या वेळी जिथे अडलं होतं त्याच्या जवळ आल्यावर पावलं आणखी छोटी होतात. बॅकअप थांबवल्यावरही चित्र काही वेळ धूसर का राहतं, याचं उत्तर हे. सॉफ्टवेअर मधूनमधून क्षणभर थोडी जास्त पॅकेटं पाठवून वाट मोकळी झाली का ते चाचपतं आणि झाली असेल तर झटकन वर येतं, पण ते प्रत्येक वेळी साधत नाही.

याच्या जोडीला हरवलेल्या पॅकेटांचा हिशेबही असतो. २ टक्क्यांपेक्षा कमी हरवली तर वाढवा, २ ते १० च्या मध्ये असेल तर आहे तिथे थांबा, १० च्या वर गेली तर कमी करा. दोन्ही हिशेबांतून जो कमी वेग निघेल तो घ्यायचा. जुन्या घराच्या जाड भिंतीपलीकडे वाय-फायचा सिग्नल कमजोर असला की थोडीफार पॅकेटं कोंडी नसतानाही गळतात. एवढ्याशा गळतीला घाबरून वेग पाडू नये, यासाठी ही मोकळीक.

वेग ठरला की पुढचं काम एन्कोडरचं, म्हणजे चित्र आणि आवाज दाबून लहान करणाऱ्या भागाचं. त्याला सांगितलं जातं, आता एवढ्यात बसव. तो चित्र बारीक करतो, सेकंदाला कमी चित्रं घेतो. आवाजाला हात शक्यतो लावायचा नाही, कारण तो मुळातच किरकोळ आहे आणि कॉलचा जीव त्याच्यात आहे. ताईच्या क्लासात तर चेहरा दिसला नाही तरी चालेल, सूर पोहोचला पाहिजे. शिवाय एखादं पूर्ण चित्र नव्याने पाठवायची वेळ आली की एकदम खूप पॅकेटं तयार होतात. ती सगळी एका दमात सोडली तर आपणच रांग लावू, म्हणून ती ठरावीक अंतराने सोडली जातात.

इथवर सगळं सुरेख वाटतं, पण याच्या पोटात एक खरा पेच आहे आणि माझ्या कामाचा बराच वेळ त्यात जातो. कॉल रांग वाढताना दिसली की मागे सरतो. टीसीपी रांग भरेपर्यंत पुढेच जातं. दोघं एकाच दारात भेटले की काय होणार? कॉल मागे सरतो, मोकळी झालेली जागा टीसीपी घेतं, रांग पुन्हा वाढते, कॉल आणखी मागे सरतो. सभ्यपणे वागणारा उपाशी राहतो. त्या शनिवारी हेच झालं होतं. ताईचा व्हिडिओ मागे सरत सरत तळाला गेला, आणि तरीही रांग भरलेलीच राहिली, कारण ती भरणारा दुसराच होता. आवाज त्या रांगेत अडकला आणि बफर ओसंडलं तेव्हा गळालाही.

इटलीतल्या बारी शहराच्या तंत्रविद्यापीठातले संशोधक आणि गूगलचे अभियंते यांनी २०१६ मध्ये यावरचं काम एकत्र मांडलं. किती उताराला 'कोंडी' म्हणायचं ही मर्यादा त्यांनी स्थिर न ठेवता सरकती केली. शेजारी कुणीतरी सतत रांग हलवतो आहे असं दिसलं की मर्यादा वर सरकते आणि कॉल प्रत्येक धक्क्याला मागे हटत नाही. सगळं शांत झालं की मर्यादा खाली येते आणि तो पुन्हा हळवा होतो. कॉल उपाशी राहत नाही, एवढं यातून निश्चित साधतं. पण रांग तशीच लांब राहते, आणि चिवटपणे तिच्यात उभं राहिलेलं पॅकेट उशिराच पोहोचतं. म्हणून माझं ठाम मत आहे की दोन टोकांना बसलेलं सॉफ्टवेअर कितीही शहाणं केलं तरी काम अर्धंच होतं. रांग जिथे लागते तिथे, म्हणजे राउटरमध्ये, बदल व्हायला हवा.

तो बदल तयारही आहे. कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची रीत मांडली. रांग किती लांब आहे हे ती बघत नाही, पॅकेटला रांगेत किती वेळ थांबावं लागलं हे बघते. सलग १०० मिलिसेकंद प्रत्येकाला ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबावं लागलं की ती अधूनमधून एखादं पॅकेट टाकून द्यायला लागते. बफर भरण्याची वाट न बघता टीसीपीला इशारा मिळतो आणि ते वेळेत आवरतं. तिचीच पुढची आवृत्ती, एफक्यू-कोडेल, प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, आणि ज्याचा माल थोडा त्याला आधी सोडते. बँकेत एकच काउंटर असताना मोठी थैली घेऊन आलेल्याच्या मागे फक्त पासबुक भरून घ्यायला आलेल्या आजींना उभं करत नाहीत, तसं. २०२३ च्या जानेवारीत एल-फोर-एस या नावाने याच्याही पुढची रचना प्रसिद्ध झाली. तिच्यात पॅकेट टाकून न देता त्याच्यावर खूण केली जाते, आणि रांग जेमतेम लागते न लागते तोच पाठवणाऱ्याला कळतं. ती घरोघरी पोहोचायला राउटर, केबलवाले आणि अ‍ॅपवाले तिघांनी साथ द्यावी लागेल.

ताईकडे आम्ही नवा प्लॅन घेतला नाही. लॅपटॉपला लॅन केबल लावली, भाच्याच्या फोनचा बॅकअप रात्री दोनला चार्जिंगवर असताना होईल असा लावला, आणि एफक्यू-कोडेल चालवणारा एक राउटर आणून त्यात अपलोडची मर्यादा २० ऐवजी १८ केली. दोन एमबीपीएस मुद्दाम सोडून दिले की रांग पुढे कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, जिथे तिला वळण लावता येतं. तुमच्याकडे तपासायचं असेल तर एका संगणकावर पिंग (पॅकेटला जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुसऱ्यावरून मोठी फाइल अपलोडला लावा. पिंगचा आकडा थोडाफार हलला तर ठीक. तो शेकड्यांत गेला, तर रांग तुमच्या घरातच आहे.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम गेलो. ताईला आधी विचारून, क्लास चालू असताना एक मोठा व्हिडिओ अपलोडला लावला आणि लॅपटॉपवर क्रोमचं वेबआरटीसी-इंटर्नल्स हे पान उघडलं, ज्यावर चालू कॉलचे आलेख दिसतात. अपलोड सुरू झाला तशी व्हिडिओच्या वेगाची रेषा खाली वाकली, थोडा वेळ सपाट राहिली आणि मग पायरीपायरीने वर चढायला लागली. आवाजाची रेषा जागची हलली नाही. ताई तीव्र मध्यमावर थांबली होती. पलीकडून तो जसाच्या तसा परत आला, आणि मुलगी तिथून पंचमावर गेली.